बोटांना दिसणारे मेज

मित्रांनो, मी एक जुने मेज आहे. पण माझ्यापुढे बसून कुणी पत्र लिहिले नाही, की माझ्यावर कुणी ताट मांडले नाही. मी सुतारकामाचे मेज. उंची माणसाच्या कोपराएवढी, लांबी पाच हात आणि पोटात एकोणीस खण. केज गावाच्या कडेला एका पत्र्याच्या पडवीत मी उभे असते. मला पाहायला येणारा माणूस आधी माझ्या खणांच्या मुठी पाहून हसतो. एक मूठ लिंबासारखी गोल, दुसरी चौकोनी, तिसरी मक्याच्या कणसासारखी खरबरीत. एकीला दुसरीचे तोंड मिळत नाही. हसणाऱ्याला हसू द्यावे. त्या मुठी तशा का आहेत, हे मात्र तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मेज होण्याआधी मी बैलगाडी होते. मोहनराव नावाच्या शेतकऱ्यासाठी आसाराम मिस्त्रींनी मला बाभळीच्या लाकडातून घडवले. तेव्हा ते जेमतेम पंचविशीत होते. जमिनीवर बसायचे, लाकूड दोन्ही पायांत धरायचे आणि वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या हत्याराने, असे तासायचे की ढलपी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटायची. मी चौदा वर्षे रस्त्यावर होते. ज्वारीची पोती वाहिली, कडब्याचे ढीग वाहिले, मोहनरावांच्या दोन मुलींना सासरी पोचवून आले. माझा एकही सांधा ढिला झाला नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरींना पाणी उरले नाही, गोठ्यांना बैल उरले नाहीत. मोहनरावांची जोडी चाऱ्यावाचून बाजारात गेली आणि मी लिंबाखाली दांड्या टेकून उभी राहिले. बैलच नाहीत तर गाडी कोण दुरुस्त करणार, नांगर कोण करून घेणार? सुतारांच्या हातचे काम गेले. आसाराम मिस्त्रीही गावाबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. तिथे एके दिवशी दगडाची कपची उडाली ती त्यांच्या उजव्या डोळ्यात शिरली. बीडच्या डॉक्टरांनी डोळ्यावर उपचार केले, पण तो गेलाच. चार महिन्यांनी डावा डोळाही अंधूक होत होत विझला. एक डोळा दुखावला की कधी कधी दुसराही त्याच्यामागे जातो, असे डॉक्टर म्हणाले.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. लोक सावरू लागले. मिस्त्रींना वाटले, आपणही सावरू. त्यांनी पडवीत बसून हत्यारे भोवती मांडली, लाकूड पायांत धरले आणि वाकस उचलला. दुसऱ्याच घावाला वाकस लाकडावरून घसरून पायाच्या अंगठ्यावर आला. त्यांच्या पत्नी मंजुळाबाई धावत आल्या. हळद दाबून त्यांनी चिंधी बांधली आणि सगळी हत्यारे गोळा करून गोणपाटात भरून माळ्यावर टाकली.

त्यानंतर दोन महिने मिस्त्री पडवीत नुसते बसून राहिले. कुणी हाक मारली तर ओ द्यायचे, एवढेच.

एकदा कासमभाई त्यांना भेटायला आले. कासमभाई सायकली दुरुस्त करत, गाड्यांच्या आसांचे लोखंडी काम करत. मिस्त्रींचे ते लहानपणापासूनचे दोस्त. बोलता बोलता त्यांनी मंजुळाबाईंना सांगितले, "वहिनी, आमी कुठं लोखंड पायात धरतो? शिकंजात आवळतो. मग दोन्ही हात मोकळे. मिस्त्रीला खाली बसवताच कावून? उभं करा की."

मंजुळाबाईंनी त्यावर दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला भिंतीला पाठ लावून उभे केले आणि सुतळीने जमिनीपासून कोपरापर्यंतचे माप घेतले.

"हे काय चाललंय?" मिस्त्रींनी विचारले.

"तुमच्या हातांना ओटा करायचाय. उभ्यानं काम करायचं, अन् हरेक हत्यार हाताच्या अंतरावर ठेवायचं."

"करणार कोण?"

"तुमी सांगायचं, मी करायचं. सुताराच्या घरात अठरा वर्सं काढलीत. करवत कुठल्या तोंडानं कापती एवढं कळतंय मला."

लाकडाचा प्रश्न होता. तो मोहनरावांनी सोडवला. त्यांनी मला माणसे लावून ढकलत मिस्त्रींच्या अंगणात आणून सोडले. "बैल घेईन तवा नवी गाडी बघू," ते म्हणाले. "ही तुमचीच हाय. तुमच्याच हातची."

मित्रांनो, ती सकाळ मी विसरले नाही. मिस्त्री माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या साट्यावरून, म्हणजे गाडीच्या फळ्यांच्या बैठकीवरून, हात फिरवला. बोटे एका सांध्यापाशी थांबली. तिथे त्यांनी गाडी घडवताना एक पाचर उलटी ठोकली होती, कारण त्या जागी लाकडाला गाठ होती. "ही गाठ मला आठवती," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी हातोडी मागितली. किती तरी दिवसांनी त्यांनी काही मागितले होते. माझा सांधान्‌सांधा त्यांनी स्वतः सोडवला. कुठे ठोकायचे, कुठे ओढायचे हे त्यांच्या हातांना पाठ होते. मला दुखले का, असे तुम्ही विचाराल. दुखले थोडे. पण लिंबाखाली वाळवी लागून मरण्यापेक्षा ते दुखणे पुष्कळ बरे.

मला उभे करायला दोघांना अडीच महिने लागले. मिस्त्री माप सांगत, मंजुळाबाई रेघ मारत. करवत मंजुळाबाईंच्या हाती असे आणि मिस्त्री कापाच्या आवाजावरून सांगत, "डावीकडं चाललीस, सरळ घे." मंजुळाबाईंची चूक झाली की मिस्त्री चिडत, मिस्त्री चिडले की त्या करवत ठेवून चुलीपाशी जात, आणि थोड्या वेळाने मिस्त्रीच त्यांना हाक मारून बोलावत. गाडीच्या दांड्यांचे माझे पाय झाले, साट्याच्या फळ्यांची पाठ झाली. कासमभाईंनी माझ्या डाव्या अंगाला लोखंडी शिकंजा बसवून दिला. पुढच्या काठाला त्यांनी एकेका इंचावर पितळी चूक, म्हणजे बारीक खिळा, ठोकली आणि दर फुटाला दोन चुका शेजारी शेजारी ठोकल्या. आता मिस्त्री बोटाने चुका मोजून माप घेऊ शकत होते. अंगणात डोकावणाऱ्यांना ते खेळणे वाटले. मिस्त्रींनी ती पट्टी दहा वेळा चाचपली, तेव्हा कुठे त्यांना खरे वाटले.

पोटात एकोणीस खण झाले. सगळे सारखे, एका ओळीत, दिसायला देखणे. आणि तिथेच चुकले. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी कानशीचा म्हणून खण ओढला. तो पटाश्यांचा निघाला. धारेने दोन बोटे चिरली. मिस्त्री खण ढकलून मागे सरले आणि म्हणाले, "बस झालं. माझ्यापायी तू लाकडात जीव घातलास. न्हाई जमायचं ते."

मंजुळाबाई स्वयंपाकघरात गेल्या. चूल ओल्या काटक्यांनी धुपत होती. डोळे मिटून त्यांनी फोडणी टाकली, मीठ टाकले आणि हात तसाच थांबवून तिथूनच त्या म्हणाल्या, "अहो, धूर डोळ्यात गेला की मला तरी कुठं दिसतंय? पण मिठाचा हात मी तिखटात घालत न्हाई. मिठाचं गाडगं खापराचं, तिखटाचा डबा पत्र्याचा, तेलाची बुधली निमुळती. चूक माझी झालीय. मी एकोणीस खणांना एकच तोंड दिलं."

त्या आठवड्यात माझ्या सगळ्या मुठी बदलल्या. गोल मूठ म्हणजे पटाश्या. चौकोनी म्हणजे गुण्या आणि मापे. खरबरीत म्हणजे कानशी. दातेरी म्हणजे करवती. खणांच्या आतही प्रत्येक हत्याराच्या आकाराची खोबण कोरली, पाते खाली आणि मूठ वर. पाऊण इंचाची पटाशी अर्ध्या इंचाच्या खोबणीत बसायची नाही. मिस्त्रींची बोटे माझ्यावरून फिरू लागली आणि महिनाभरात अशी सरावली, की काय हवे ते मनात येण्याआधी हात त्या मुठीवर असे. मी त्यांच्या बोटांना दिसू लागले होते.

त्याच सुमारास केजमध्ये कारागिरांची सहकारी संस्था निघाली होती. सुतार, लोहार, चांभार असे पन्नासेक जण एकत्र आले होते. अध्यक्ष होते भगवानराव. हा माणूस बोलायला कडक, पण वागायला सरळ. दुष्काळात कितीतरी घरांनी अवजारे चुलीत घातली होती. आता पेरणी तोंडावर आली आणि तालुक्यातून संस्थेकडे एकशेवीस तिफणींची मागणी आली. तिफण म्हणजे पेरणीचे तीन फणांचे अवजार. तिच्या माथ्यावर लाकडी वाटीसारखे चाडे असते. शेतकरी चाड्यात मुठीने बी सोडतो आणि तळाच्या तीन भोकांतून ते तीन नळ्यांनी जमिनीत उतरते. भोके सारखी नसली की एका रेघेत पीक दाट येते आणि दुसरीत विरळ. म्हणून तिफणीचा जीव चाड्यात असतो.

कामाची वाटणी झाली तेव्हा यादीत आसाराम मिस्त्रींचे नाव होते. बंकट नावाचा एक चांगला सुतार उभा राहिला. तो म्हणाला, "माझं त्यांच्याशी वाकडं न्हाई. पण पेरणी सालात एकदाच असती. चाडं बिघडलं तर शेतकऱ्याचं साल जातं, अन् संस्थेचं नावबी. डोळे नसलेल्या माणसाला हे काम देऊ नये."

मिस्त्री उठले. "बंकट चुकीचं बोलत न्हाई," ते म्हणाले. "मला दया म्हणून काम देऊ नका. आठ दिवस द्या. मग माझ्या पडवीत या. तुमच्यासमोर चाडं करतो. बंकटनं त्याचं घेऊन यावं. दोन्हीत बी ओतून बघा."

ते आठ दिवस कठीण गेले. मंजुळाबाईंनी आणि मिस्त्रींनी केलेली पहिली तीन चाडी चुलीत गेली. वाटी छान उतरायची, पण सामत्याने भोक पाडताना सामता कलायचा. मग मंजुळाबाईंनी माझ्या पाठीत वाटीच्या मापाचा खळगा कोरला. चाडे त्यात घट्ट बसू लागले. त्यावर त्यांनी तीन भोकांची जाड फळी ठेवली. सामता त्या भोकांतून उतरला की इकडेतिकडे व्हायची सोयच उरली नाही. चौथे चाडे नीट झाले. पाचवेही झाले. सहावे करायला वेळच उरला नाही, कारण तोवर आठवा दिवस उजाडला होता.

अंगण माणसांनी भरले. भगवानराव खाटेवर बसले. मोहनराव आले, कासमभाई दुकान बंद करून आले. मंजुळाबाई दाराशी उभ्या राहिल्या, कारण भगवानरावांनी स्पष्ट सांगितले होते की आज त्यांचा हात लागायचा नाही.

मिस्त्री माझ्यासमोर उभे राहिले. शिवणीच्या लाकडाचा ओंडका शिकंजात आवळला. चुका मोजून माप घेतले. वाटी कोरायला सुरुवात केली. ढलप्या माझ्या पायाशी पडत होत्या. वाटी होत आली तेव्हा त्यांनी गोल मूठ ओढून पाऊण इंची पटाशीसाठी हात घातला. खोबण रिकामी होती.

मिस्त्रींनी शेजारच्या खोबणी चाचपल्या. मंजुळाबाईंचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला आणि तिथेच थांबला. मला सगळे दिसत होते, पण तोंड नव्हते.

मिस्त्रींनी खण शांतपणे बंद केला आणि लोकांकडे तोंड केले. "पाऊण इंची पटाशी कुणीतरी बघायला घेतलीय," ते म्हणाले. "जिथनं घेतली तिथं ठेवा. तुमाला ती कुठंबी दिसंल. मला फक्त तिथंच दिसती."

बंकट पुढे आला. पटाशी त्याच्या हातात होती. "मी घेतली होती मिस्त्री," तो म्हणाला. "धार कशी लावलीय ते बघत होतो. ठेवायची राहिली." त्याने खण उघडला, नेमकी खोबण शोधली आणि पटाशी तिच्यात पाते खाली करून ठेवली. मिस्त्रींनी हात घातला, पटाशी उचलली आणि कामाला लागले. त्यानंतर बंकट जवळच उभा राहिला. मुठींकडे, खोबणींकडे, पितळी चुकांकडे तो एकेक करून पाहत होता.

चाडे तयार झाले. आता परीक्षा. मोहनरावांनी आधी बंकटच्या चाड्यात मापटेभर ज्वारी मुठीने सोडली. तीन नळ्यांखाली तीन सारख्या वाट्या ठेवल्या होत्या. बंकटचे काम चांगले होते. तरी एक वाटी शिगेला गेली आणि एक बोटभर उणी राहिली. मग मिस्त्रींचे चाडे लावले. त्याच मापट्याने, त्याच मुठीने ज्वारी पडली. भगवानरावांनी तिन्ही वाट्यांवरून फळी फिरवली. तीनही वाट्या एकाच पातळीत होत्या.

"पुन्हा ओता," बंकटच म्हणाला.

पुन्हा ओतली. पुन्हा तेच.

भगवानरावांनी वाट्या जवळ ओढल्या. "डोळ्यानं बघून केलेल्यात फरक पडला," ते म्हणाले, "अन् न बघता केलेल्यात न्हाई. हे कसं?"

"डोळा म्हणतो चालंल," मिस्त्री म्हणाले. "बोट म्हणत न्हाई."

तेव्हा बंकटने जे सांगितले ते मी आजही अभिमानाने सांगते. तो म्हणाला, "अध्यक्ष, तिफणीचं बाकी सगळं लाकूडकाम आमी वाटून घेतो. चाडी मात्र एकशेवीसच्या एकशेवीस ह्या मेजावर होऊ द्या. संस्था कशापायी काढलीय मग? ज्याला जे उत्तम येतं त्यानं ते करावं."

सगळ्यांनी होकार दिला. भगवानरावांनी वही उघडली. मिस्त्री म्हणाले, "सभासद म्हणून दोन नावं घाला. मंजुळाबाईचंबी. खळगा तिचा, फळी तिची, मुठी तिच्या."

"बाईचं नाव आजवर घातलेलं न्हाई," भगवानराव म्हणाले.

"संस्था चार महिन्यांची हाय," दारातून मंजुळाबाई म्हणाल्या. "आजवर म्हंजे तेवढंच."

अंगणात हशा पिकला. भगवानरावही हसले आणि त्यांनी दुसरे नाव लिहिले. कारागीर संस्थेच्या वहीतली ती पहिली बाई.

पेरणीच्या आत एकशेवीस चाडी झाली. एकही परत आले नाही. पिके वीतभर झाली तेव्हा मोहनराव मिस्त्रींना धरून शेतात घेऊन गेले. मी जाऊ शकत नव्हते; कासमभाईंनी येऊन सांगितले ते ऐकले. मिस्त्री बांधावर खाली बसले, मग गुडघ्यांवर पुढे सरकत ज्वारीच्या कोवळ्या रोपांवरून दोन्ही हात फिरवत गेले. डावी रेघ, मधली रेघ, उजवी रेघ. रोप आणि रोप यांतले अंतर बोटांनी मोजले. रेघेच्या टोकाला पोचल्यावर ते उठले आणि म्हणाले, "मोहनराव, दिसलं मला."

त्यानंतरची वीस-बावीस वर्षे माझी भरभराटीची. धारूर, अंबाजोगाई, वडवणीपासून लोक 'आसारामचं चाडं' मागत येत. दर शनिवारी मंजुळाबाई माझ्या पाठीला करडईचे तेल चोळत. बंकटने आपल्या घरी माझ्यासारखेच मेज करून घेतले. पुढे लोखंडी पेरणीयंत्रे आली, ट्रॅक्टर आले आणि चाडी मागणारे कमी झाले. मिस्त्री म्हातारे होऊन एका हिवाळ्यात गेले. मंजुळाबाई मुलाकडे औरंगाबादला राहायला गेल्या. पडवीला कुलूप लागले. माझ्यावर कुणी सिमेंटची पोती ठेवली, कुणी फुटक्या बादल्या. खणांत उंदरांनी घर केले. शिकंजा गंजून जागच्या जागी बसला. तो काळ मी लांबवून सांगत नाही; एकटेपणाला सांगण्यासारखे काही नसते.

संस्थेला चाळीस वर्षे झाली तेव्हा नव्या पदाधिकाऱ्यांना माझी आठवण झाली. त्यांनी मला धुऊन पुसून कार्यालयाच्या दालनात नेले, भोवती दोरी बांधली आणि 'हात लावू नये' अशी पाटी लावली. समारंभाला मंजुळाबाईंना बोलावले होते. ऐंशीच्या घरातल्या त्या बाई काठी टेकत आल्या, पाटी वाचून घेतली आणि स्वतःच्या हाताने दोरी सोडली. त्या म्हणाल्या, "ह्याला हात लावू नका म्हणता? अरे, ह्याला हातांसाठीच केलंय. हार नको. ह्याला काम द्या."

काम समोरच उभे होते. संस्थेत चंद्रभागाबाई नावाच्या एक सभासद होत्या. बारा वर्षे ऊसतोडीला जाऊन आलेल्या. ते साल पुन्हा दुष्काळाचे होते, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त माणसे कारखान्यांकडे निघाली होती. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "कोयत्याची मूठ गड्याच्या हाताच्या मापाची असती. बाईच्या हाताला ती मोठी पडती. आवळून धरावी लागती, मग फोड येतात, मनगट सुजतं. बाईच्या मापाच्या मुठी कुणीच करत न्हाई. मी करते. पण जागा पायजे."

मला परत पडवीत आणले गेले. कासमभाईंच्या नातीने, सुरैयाने, शिकंजात तेल सोडून सोडून तो फिरता केला. चंद्रभागाबाईंनी तोडीला जाणाऱ्या बायांचे हात मापायला घेतले: पंजा, बोटे, पकड. त्यावरून चार मापे ठरली. दसऱ्याच्या आधी माझ्या पाठीवर नऊशे मुठी झाल्या. हंगाम संपवून बाया परतल्या, तेव्हा त्यांतल्या कितीजणी आपले तळवे दाखवायला पडवीत आल्या. फोड नव्हते. पुढच्या हंगामाची मागणी त्यांनी उभ्या उभ्या नोंदवली, बहिणींची आणि जावांचीही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. तिच्यावरची धूळ पुसा, तिचा ढिला सांधा आवळा, घेतलेले हत्यार घेतल्या जागी ठेवा. पण तिला कोपऱ्यात मांडून तिची पूजा करू नका. आम्हा वस्तूंची काळजी घ्यायची म्हणजे आम्हाला कामाला लावायचे. आता मला रजा द्या. चंद्रभागाबाईंनी कडुलिंबाचा नवा तुकडा शिकंजात आवळला आहे आणि रंधा चालू झाला आहे.